लाइट जाते तिथले लिनक्स: बोर्डावरच्या फ्लॅशमधून बूट करण्याचा आढावा

कुपवाडच्या किंवा शेजारच्या मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीला भट्टीचे तापमान, कॉम्प्रेसरचा दाब आणि विजेचा वापर सतत नोंदवायचा असेल, तर त्यासाठी आता मोठा संगणक लागत नाही. लिनक्स चालवणारे तळहाताएवढे बोर्ड पॅनेलमध्ये बसवायचे, सेन्सर जोडायचे, की नोंदी सुरू होतात. अडचण पुढे येते. वळवाचा पाऊस सुरू होतो, लाइट जाते, येते, लगेच पुन्हा जाते, आणि शेवटी ती टिकून येते तेव्हा बोर्ड उठत नाही. प्रोग्राम बरोबर असतो, सेन्सर शाबूत असतात, पॉवर सप्लायही ठीक असतो. ज्या साठवणीतून बोर्डाने सुरू व्हायचे, तीच बिघडलेली असते. म्हणून असे बोर्ड घेताना प्रोसेसर किती वेगवान आणि रॅम किती, याच्याआधी ते बूट कुठून होते हे विचारायला हवे. माझे म्हणणे असे आहे की कारखान्यात बसणारे बोर्ड त्याच्यावरच सोल्डर केलेल्या फ्लॅशमधून बूट व्हावे. त्या फ्लॅशवर रोजचे लिखाण शक्य तितके कमी व्हावे. आणि ती फ्लॅश बिघडली तरी बोर्ड बाहेरून उठवता येईल अशी वाट पहिल्या दिवसापासून उघडी असावी. या तीन अटी एकमेकींना धरून आहेत. एक सुटली की उरलेल्या दोन फारशा कामाच्या राहत नाहीत.

आधी बूट म्हणजे नेमके काय घडते ते पाहू. वीज मिळताच प्रोसेसरच्या आत कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम चालू होतो. त्याला बूट रॉम म्हणतात आणि तो कोणालाच बदलता येत नाही. या क्षणी बोर्डावरची रॅम चालू झालेली नसते. त्यामुळे चिपच्या आतल्या लहानशा मेमरीत मावेल एवढाच, शंभरेक किलोबाइटचा, पुढचा प्रोग्राम त्याला उचलता येतो. बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर त्या प्रोग्रामचे नाव एमएलओ. एमएलओ रॅम चालू करतो आणि यू-बूट हा मुख्य बूटलोडर आणतो. यू-बूट कर्नल आणि डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डाच्या हार्डवेअरचे वर्णन, रॅममध्ये ठेवतो. कर्नल मूळ फाइलसिस्टिम माउंट करतो, आणि मग कुठे आपला प्रोग्राम सुरू होतो. यातली प्रत्येक पायरी साठवणीतून काहीतरी वाचते. कोणत्या साठवणीत आधी पाहायचे, हे बोर्डावरच्या काही पिनांच्या स्थितीवरून ठरते. बीगलबोन ब्लॅक आधी आपली सोल्डर केलेली फ्लॅश, म्हणजे ईएमएमसी, पाहते, मग मायक्रोएसडी कार्ड, मग सिरियल पोर्ट आणि यूएसबी. एस२ हे बटण दाबून धरत वीज दिली तर ईएमएमसी वगळली जाते आणि कार्डाची पाळी लवकर येते. अनेकांची इथेच फसगत होते. कार्डावर नवी इमेज मारलेली असते, पण ईएमएमसीत जुना यू-बूट पडून असतो. बूट रॉम तो जुनाच उचलतो, तो कार्डावरचे नवे कर्नल आणायला जातो आणि अडखळतो. दोष कार्डाला दिला जातो, कार्ड बदलले जाते, आणि बोर्ड जिथल्या तिथे अडून राहते. बटण धरून वीज दिली असती तर तेच कार्ड चालले असते.

बोर्डावरची फ्लॅश ही काही नवी कल्पना नाही. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७मध्ये नँड फ्लॅश जगापुढे मांडली. पुढे बरीच वर्षे छोट्या लिनक्स यंत्रांमध्ये हीच चिप उघड्या स्वरूपात, म्हणजे मधल्या कंट्रोलरशिवाय, बसवली जात असे. नँडचे गुणधर्म अडचणीचे आहेत. लिहायचे ते एकेका पानात, पण पुसायचे तर अनेक पानांचा अख्खा ब्लॉक एकदम; काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब येतात, काही वापरात खराब होतात. हे सगळे सांभाळण्याचे काम लिनक्सनेच अंगावर घेतले. २००१च्या सुमारास जेएफएफएस२ ही फाइलसिस्टिम आली आणि २००८मध्ये यूबीआयएफएस कर्नलमध्ये दाखल झाली. ज्या पेशीत एकच बिट साठवला जातो त्या एसएलसी चिपांवर हा संसार नीट चालला. नंतर स्वस्ताईसाठी एका पेशीत दोन बिट साठवणारी एमएलसी, म्हणजे बहुस्तरीय नँड, आली आणि गणित बिघडले. २०१५मध्ये अवघ्या ९ डॉलरला जाहीर झालेल्या ‘चिप’ नावाच्या बोर्डाने अशीच उघडी एमएलसी वापरली होती, आणि तिच्यावर लिनक्स भरवशाचे व्हावे म्हणून कर्नलच्या जाणकारांनी पुष्कळ खटपट केली. अखेर २०१८मध्ये यूबीआयने, म्हणजे यूबीआयएफएसच्या खालच्या थराने, एमएलसी नँड स्वीकारणेच थांबवले. निष्णात माणसांनी वर्षानुवर्षे प्रयत्न करून काढलेला हा निष्कर्ष आहे. नव्या यंत्रासाठी उघडी बहुस्तरीय नँड निवडू पाहणाऱ्याने तो डावलू नये.

या अडचणीवरचा सर्वमान्य तोडगा म्हणजे ईएमएमसी. तिच्यात नँड आणि तिचा कंट्रोलर एकाच आवरणात असतात. खराब ब्लॉक बाजूला ठेवणे, झीज सगळ्या ब्लॉकांवर सारखी वाटणे, चुका दुरुस्त करणे ही कामे कंट्रोलर करतो, आणि लिनक्सला ती साध्या डिस्कसारखी दिसते. तिचे मानक जेडेक ही संस्था ठरवते, ५.१ ही आवृत्ती २०१५ची. बूटच्या दृष्टीने त्यातली फार कामाची सोय अशी की मुख्य जागेपासून वेगळे असे दोन लहान बूट विभाग चिपमध्येच राखलेले असतात. लिनक्समध्ये ते वेगळी डिव्हाइस म्हणून दिसतात आणि मुळात त्यांच्यावर लिहिण्याला बंदी असते. मुद्दाम उठवली तरच ती उठते. मुख्य जागेची फाइलसिस्टिम पार विस्कटली तरी बूटलोडर शाबूत राहतो, आणि तो शाबूत असला की पुढची दुरुस्ती हाताशी असते. बीगलबोन ब्लॅक २०१३मध्ये २ जीबी ईएमएमसी घेऊन आली आणि पुढच्या वर्षी ती ४ जीबी झाली. रास्पबेरी पाय २०१२पासून एसडी कार्डावर चालत असली, तरी तिच्याच निर्मात्यांनी उद्योगांसाठी २०१४मध्ये कॉम्प्युट मॉड्यूल काढले, तेव्हा त्यावर ४ जीबी ईएमएमसी सोल्डर केली. शाळेच्या टेबलासाठी कार्ड आणि यंत्राच्या पोटासाठी ईएमएमसी, ही विभागणी बोर्ड बनवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे.

एसडी कार्डाची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी त्याच्याइतके सोयीचे काही नाही. याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण म्हणजे ‘आकाश’ टॅब्लेट. त्याची दुसरी आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झाली आणि या प्रकल्पाची धुरा आयआयटी मुंबईकडे होती. टॅब्लेटच्या आतल्या फ्लॅशवर अँड्रॉइड होते. आयआयटी मुंबईच्या गटाने त्याच टॅब्लेटसाठी लिनक्स तयार केले आणि ते मायक्रोएसडी कार्डावरून बूट होईल असे ठेवले. हे जमले ते त्यातल्या ऑलविनर चिपच्या बूट रॉममुळे, कारण ती रॉम आतल्या फ्लॅशच्या आधी कार्ड पाहते. कार्ड घातले की लिनक्स, काढले की पूर्वीचे अँड्रॉइड. आतल्या फ्लॅशला धक्का नाही. विद्यार्थ्याच्या हातात द्यायच्या यंत्रासाठी ही निवड अगदी योग्य होती, कारण प्रयोग कितीही फसला तरी टॅब्लेट जिवंत राहत होता. पण तिच्यातला धडा बारकाईने घ्यायला हवा. कार्डाचा मोठा उपयोग तिथे झाला तो आतल्या फ्लॅशला पर्यायी, बाहेरची वाट म्हणून. कार्ड हेच एकमेव घर असते, तर ही सुरक्षितता उरली नसती.

कारखान्यात कार्ड हेच एकमेव घर केले की त्याच्या उणिवा दिसू लागतात. कार्ड खाचेत फक्त दाबाने बसलेले असते. शेजारी प्रेस किंवा कॉम्प्रेसर चालू असेल तर कंपनाने संपर्क ढिला होतो, तेलकट धूळ कार्डाच्या संपर्कपट्ट्यांवर बसते. बाजारात एकाच नावाने मिळणाऱ्या कार्डांच्या आत वेगवेगळे कंट्रोलर आणि वेगवेगळी नँड असू शकते, आणि नकली कार्डांचा सुळसुळाट वेगळाच. आज तपासून घेतलेले कार्ड आणि सहा महिन्यांनी त्याच दुकानातून आणलेले कार्ड सारखीच वागतील याची हमी नाही. ईएमएमसीचे असे होत नाही. तिचा भाग क्रमांक बोर्डाच्या यादीत असतो, तापमानाची मर्यादा कागदावर असते, आणि औद्योगिक दर्जाची मागितली तर उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत चालणारी मिळते. भट्टीजवळच्या बंद पॅनेलमध्ये हे महत्त्वाचे ठरते, कारण उष्णतेने फ्लॅशमधली माहिती टिकण्याचा काळ घटतो आणि झिजलेल्या पेशीत तो आणखी घटतो.

मात्र ईएमएमसी घेतली म्हणजे लाइट जाण्याचा प्रश्न सुटला, असे कोणी समजू नये. बहुस्तरीय पेशीत दोन पानांचे बिट एकाच जागी राहतात. दुसरे पान लिहिले जात असताना वीज गेली, तर आधीच नीट लिहून झालेले पहिले पानही खराब होऊ शकते. म्हणजे आत्ता लिहीत होतो तेवढेच नव्हे, काही वेळापूर्वी निर्धास्तपणे बंद केलेल्या फाइलचा भागही जाऊ शकतो. चांगला कंट्रोलर यावर उपाय योजतो, पण तो कितपत चांगला हे बाहेरून दिसत नाही. ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमची जर्नल तिची रचना सावरते; पेशींच्या पातळीवरचे नुकसान तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. यातून एकच सरळ नियम निघतो. वीज कधीही जाऊ शकते अशा ठिकाणी ज्यावर लिहिणे चालूच नसते ती जागा सर्वात सुरक्षित. म्हणून बूट विभाग, कर्नल आणि मूळ फाइलसिस्टिम हे सगळे वाचण्यापुरते ठेवावे, आणि नोंदींसाठी वेगळा विभाग असावा. तो पुसून नव्याने बनवावा लागला तरी बोर्ड उठले पाहिजे.

लिखाण कमी ठेवण्याचे दुसरे कारण झिजेचे. एमएलसीचा एक ब्लॉक साधारण तीन हजार वेळा पुसता येतो असे धरू. ४ जीबीच्या चिपवर मिळून सुमारे १२ टीबी लिखाण होऊ शकते. भट्टीच्या तापमानाची शंभर बाइटची एक ओळ दर सेकंदाला लिहिली आणि ती लगेच फ्लॅशवर पोचावी असा आग्रह धरला, तर शंभर बाइटांवर भागत नाही. फाइलचा ब्लॉक, जर्नल आणि नोंदवही मिळून १६ किलोबाइट लिहिले जातात असे मानू. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज सुमारे १.४ जीबी. या हिशेबाने चिप २३ वर्षे चालायला हवी. पण लहान लहान लिखाणासाठी कंट्रोलरला आतल्या आत मोठे ब्लॉक हलवावे लागतात. हा वाढीव बोजा दहा पट धरला तर २३ वर्षांची सव्वादोन-अडीच वर्षे होतात. आता त्याच ओळी पाच मिनिटे रॅममध्ये साठवून एकदम लिहिल्या, तर रोजचे लिखाण १५ एमबीच्या आसपास येते, म्हणजे जवळपास शंभरपटीने घटते. बदल्यात लाइट गेली तर फार तर पाच मिनिटांच्या नोंदी जातील. बहुतेक ठिकाणी हा सौदा स्वीकारण्याजोगा आहे, आणि जिथे नाही तिथल्या मोजक्या नोंदींसाठी वेगळी, झीज सोसणारी लहान मेमरी लावता येते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. टेस्लाच्या २०१८च्या सुरुवातीपर्यंतच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांच्या मधल्या पडद्यामागे लिनक्स चालत होते आणि त्याची साठवण ८ जीबी ईएमएमसीवर होती. नोंदींच्या सततच्या लिखाणाने ती चिप काही वर्षांत झिजून गेली की पडदा बंद पडे आणि त्याबरोबर मागचा कॅमेराही जाई. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा यंत्रणेने चौकशी केली आणि फेब्रुवारी २०२१मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. या प्रकरणाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, सोल्डर केलेली फ्लॅश हाच दोष. कार्ड असते तर मालकाने बदलले असते. आक्षेप गंभीर आहे. पण इतके लिखाण सोसावे लागले असते तर कार्डही संपलेच असते, बहुधा लवकर. दोष होता तो न थांबणाऱ्या नोंदींचा आणि चिपची प्रकृती वेळेवर न पाहण्याचा. ईएमएमसीच्या ५.० आवृत्तीपासून चिप आपली झीज दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी स्वतःच सांगते आणि लिनक्समध्ये तो आकडा एका साध्या फाइलमधून वाचता येतो. साध्या एसडी कार्डात अशी सर्वमान्य सोय नाही. महिन्यातून एकदा हा आकडा मुख्य नोंदीत यावा एवढी व्यवस्था केली, तर चिप बदलण्याची वेळ अचानक येत नाही.

तरीही कार्डाच्या बाजूचा सर्वात भक्कम युक्तिवाद उरतोच. कारखान्यातला फिटर दोन मिनिटांत कार्ड बदलू शकतो. ईएमएमसी गेली तर पुण्याहून इंजिनियर येईपर्यंत मशीन उभे. हा युक्तिवाद मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच कार्डाची खाच काढून टाकू नये असे म्हणतो. ती रिकामी ठेवावी. बीगलबोनसाठी मिळणाऱ्या फ्लॅशर इमेज नेमके हेच करतात: कार्ड घाला, बटण धरून वीज द्या, कार्डावरची इमेज ईएमएमसीवर उतरते, दिवे काम झाल्याचे दाखवतात, कार्ड काढा. असे एक तपासलेले कार्ड पॅनेलच्या दाराला आतून पाकिटात लावून ठेवले, तर तो फिटरच बोर्ड पुन्हा उभे करतो. कार्डाची सोय मिळते आणि रोजच्या कामातला त्याचा धोका जातो. यूपीएस लावला की भागते, असाही एक आक्षेप येतो. यूपीएस जरूर असावा, पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि ती थकल्याचे लाइट जाईपर्यंत कळत नाही. ज्याची रचना वीज जाणे सोसण्याजोगी नाही, त्याला यूपीएसने फक्त मुदत मिळते. मग लिनक्स कशाला, पीएलसी पुरे, असे कोणी म्हणेल. मशीन चालवण्या-थांबवण्याच्या सुरक्षिततेचे काम पीएलसीकडेच असावे, यात वाद नाही. पण नोंदी, नेटवर्क आणि हिशेब एकत्र आले की लिनक्स येतेच, आणि मग ते नीट उठणे ही जबाबदारीही येते.

इमेज बदलताना लाइट गेली तर काय, यावरही प्रस्थापित उत्तर आहे. ईएमएमसीवर मूळ फाइलसिस्टिमच्या दोन प्रती ठेवायच्या; नवी इमेज नेहमी न वापरल्या जाणाऱ्या प्रतीवर उतरवायची; पूर्ण उतरून तपासली गेली की यू-बूटला सांगायचे की पुढच्या वेळी ती घे. यू-बूट प्रत्येक प्रयत्न मोजतो. ठरलेल्या प्रयत्नांत यंत्रणेने ‘मी नीट उठले’ असे कळवले नाही, तर तो जुन्या प्रतीवर परततो. मध्येच अडकले तर वॉचडॉग रीसेट देतो. रॉक, एसडब्ल्यूअपडेट, मेंडर ही मुक्त साधने हेच करतात. जागा दुप्पट लागते हा आक्षेप खरा, पण नीट छाटलेली इमेज काही शे एमबीत बसते आणि ४ जीबीत दोन प्रती सहज मावतात. छाटणीचे कष्ट टाळण्यासाठी सुरक्षितता सोडणे परवडणारे नाही.

आता तिसरी अट: परतीची वाट. आजच्या बहुतेक प्रोसेसरांच्या बूट रॉममध्येच बाहेरून शिरण्याचा दरवाजा असतो. ऑलविनरमध्ये त्याला फेल म्हणतात, रॉकचिपमध्ये मास्करॉम. कॉम्प्युट मॉड्यूलवर एक जंपर लावून यूएसबीवरून ईएमएमसी संगणकाला डिस्कसारखी दाखवता येते. ही वाट रॉममध्ये असल्याने फ्लॅश पूर्ण पुसली गेली तरी ती मिटत नाही. मात्र दरवाजा असणे आणि किल्ली जवळ असणे या दोन गोष्टी आहेत. वर उल्लेख आलेले ‘चिप’ बोर्ड बनवणारी नेक्स्ट थिंग कंपनी २०१८मध्ये बंद पडली. तिच्या बोर्डांवर इमेज मारण्याची नेहमीची पद्धत कंपनीच्या संकेतस्थळावर आणि ब्राउझरवर विसंबून होती, आणि उत्साही वापरकर्त्यांनी त्या फाइली जपून ठेवल्या म्हणूनच ती बोर्डे पुढे वापरता आली. सुरक्षेसाठी केलेल्या कुलूपबंद बूटचेही असेच. ज्यावर बनवणाऱ्याची सही आहे तीच इमेज चालेल, ही व्यवस्था नेटवर्कला जोडलेल्या यंत्रासाठी योग्य आहे. पण सहीची किल्ली फक्त पुरवठादाराकडे असेल आणि पुरवठादार उठून गेला, तर कारखान्याच्या पैशाचे बोर्ड कारखान्यालाच दुरुस्त करता येणार नाही. शिवाय काही निर्णय एकदाच घेता येतात. ईएमएमसीच्या एका भागाला अधिक टिकाऊ पद्धतीत बदलणे, तिची रीसेट पिन कायमची चालू करणे, प्रोसेसरचे फ्यूज जाळून बूटचा क्रम पक्का करणे, यांतले काहीही नंतर उलटवता येत नाही. असे प्रत्येक पाऊल लेखी असावे आणि त्याची प्रत मालकाकडे असावी.

म्हणून कुपवाडसारख्या ठिकाणच्या लघुउद्योजकाने बोर्ड किंवा त्यावर बसलेले यंत्र घेताना दराइतकेच काटेकोरपणे चार गोष्टी मागाव्यात: ईएमएमसीचा भाग क्रमांक आणि तापमानाचा दर्जा, रोज किती लिखाण होते याचा हिशेब, पूर्ण इमेज आणि ती मारण्याची साधने स्वतःच्या ताब्यात, आणि वीज तोडण्याची चाचणी. शेवटची चाचणी अवघड नाही. बोर्ड चालू असताना, नोंद लिहिली जात असताना, इमेज बदलली जात असताना, पुन्हा पुन्हा वीज तोडायची आणि प्रत्येक वेळी ते आपणहून उठते का पाहायचे. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारख्या अभियांत्रिकी संस्थांनीही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे मूल्यमापन याच चाचणीने करावे, असे मला कळकळीने वाटते. कार्डावर इमेज मारून टेबलावर दिवा लावून दाखवणे ही सुरुवात आहे; तेच बोर्ड फ्लॅशवरून, लाइट गेल्या-आल्यावर, कोणी हात न लावता उठवणे हे अभियांत्रिकीचे खरे काम आहे. त्याला लागणारे सगळे तंत्र मुक्त आहे, मानके ठरलेली आहेत, साधने फुकट आहेत. उरतो तो फक्त आग्रह, आणि तो खरेदी करणाऱ्याने धरला की विकणाऱ्याला पाळावा लागतो.